पाखरांची बोली आणि हातातील यंत्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि शिष्यवृत्ती यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही पाखरांविषयी बोलणार आहो. परंतु विषय मुलांच्या शिक्षणाचाच आहे, हे आपल्या ध्यानी येईल.

सुट्टीत मुंबई-पुण्याहून शिरोड्यास येणारी आपली मुले हल्ली वेळागरच्या सुरूच्या बनात मोबाईल उंच धरून उभी असतात. पाखरू ओरडले की पडद्यावर त्याचे नाव उमटते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने 'मर्लिन' नावाचे हे ॲप २०१४ साली काढले व २०२१ साली त्यात आवाज ओळखण्याची सोय केली. त्यास मोल पडत नाही. आपल्या प्रदेशाची माहिती एकदा उतरवून घेतली की रेंज नसतानाही ते चालते.

यात जादू नाही. यंत्र आवाजाचे चित्र काढते. काळ आडवा, स्वराची उंची उभी. जाणकारांनी पूर्वी ध्वनिमुद्रित केलेल्या हजारो आवाजांच्या चित्रांवरून ते शिकलेले असते. त्या आधारे ते अंदाज सांगते. तो निर्णय नव्हे, अंदाजच होय.

या साधनाचा उपयोग मोठा आहे. वडाच्या दाट पानांत बसून टुक् टुक् करणारा तांबट डोळ्यांस सहसा सापडत नाही. यंत्र त्याचे नाव सांगून शोधास दिशा देते. वयोमानाने ज्यांस बारीक स्वर ऐकू येत नाहीत, अशा आमच्यासारख्यांस तर तो दुसरा कानच होय.

तथापि त्याच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. लाटांच्या गाजेत किंवा आंबोलीच्या धबधब्यापाशी नाजूक स्वर बुडून जातो. भृंगराज इतर पाखरांची हुबेहूब नक्कल करतो. कोतवालही शिक्र्याचा आवाज काढतो. तेथे यंत्र सहज फसते. म्हणून पाखरू डोळ्यांनी पाहिल्यावाचून वहीत नोंद करू नये. आणखी एक. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखरास जवळ बोलावू नये. विणीच्या दिवसांत प्रतिस्पर्धी आला असे समजून ते घरटे सोडून धावते, आणि अंडी-पिले उघडी पडतात.

पण आमची खरी चिंता वेगळी आहे. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ साली निघाले. मारुती चितमपल्ली यांनी मराठीत पक्षिकोश सिद्ध केला. या थोरांनी कान, डोळे आणि लोकांची बोली, तिन्हींस मान दिला. भारद्वाजास आपल्याकडे कुकुडकोंबा म्हणतात. पावशा ओरडला की 'पेरते व्हा' असे ऐकणारे शेतकरी आजही आहेत. ही नावे आजीबरोबर गेली, तर कोणतेही यंत्र ती परत आणून देणार नाही.

म्हणून आमची आपणांस नम्र विनंती आहे. नातवाचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा. यंत्राने सांगितलेले नाव त्याने वहीत लिहावे, आणि त्यापुढे आपण घरातले नाव लिहवून घ्यावे. पुढील संमेलनास अशा दहा वह्या जरी आल्या, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.