संगणक घ्यावा पारखून



निकाल लागले, प्रवेश सुरू झाले, की घरोघरी एक नवा वाद उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला कॉम्प्युटर हवा. व्हिडिओ एडिटिंग शिकेन, लग्नाच्या फिल्मा कापून देईन, चार पैसे मिळवीन." वडील म्हणतात, "आणि उरलेला वेळ गेम खेळशील!" मुलगा गप्प बसतो, कारण तेही खोटे नसते. मग कोणी ओळखीचा दुकानदार गाठला जातो, तो जे देईल ते घरी येते, आणि सहा महिन्यांनी कळते की यंत्र खेळालाही अपुरे आणि कामालाही अपुरे.

मी अर्थशास्त्र शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. पण हा प्रश्न मूळचा अर्थशास्त्राचाच आहे, बरं का! पैसा मोजका, गरजा पुष्कळ, आणि एका वस्तूत घातलेला रुपया दुसरीला मिळत नाही. कांद्याच्या पट्टीतून किंवा भिशीतून बाजूला काढलेली ही रक्कम असते. ती चुकीच्या जागी अडकली तर नुसते पैसे जात नाहीत. एका होतकरू पोराचा धंदा सुरू होण्याआधीच बसतो.

आधी वडिलांच्या मनातली एक अढी काढू या. गेम म्हटले की त्यांना जुगार आठवतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आपल्या संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना, मान्यता दिली. २०२३ साली चीनमधल्या हांगझौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत या खेळांना पदकेही होती. तेव्हा खेळ किती वेळ खेळावा हा घरातल्या शिस्तीचा प्रश्न आहे. तो यंत्राच्या निवडीत मिसळू नये. शिवाय गंमत अशी, की खेळासाठी जे यंत्र चांगले, ते बऱ्याच अंशी एडिटिंगलाही चांगले असते. बऱ्याच अंशी, पूर्णपणे नव्हे. हा जो थोडा फरक आहे, तोच आज समजून घेऊ.

यंत्राच्या पोटात काय असते? आपण लग्नघरचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणू. मुख्य आचारी असतो, तो प्रोसेसर. काय आधी, काय नंतर, हे तो ठरवतो आणि अवघड पदार्थ स्वतः करतो. पण हजार पुऱ्या लाटायच्या तर एकटा आचारी काय करणार? तिथे एकच सोपे काम करणारे पुष्कळ हात लागतात. ते हात म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याच्यात छोटी छोटी गणिते एकाच वेळी करणारे शेकडो, हजारो घटक असतात. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा रंग ठरवणे हे असेच पुऱ्या लाटण्याचे काम आहे. रॅम म्हणजे ओटा. हाताशी लागणारे सामान त्यावर मांडलेले असते. वीज गेली की ओटा रिकामा. आणि कोठीघर म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तिथले सामान वीज गेली तरी जागेवर राहते, पण ते ओट्यावर आणायला वेळ लागतो.

आता खेळ या स्वयंपाकघराकडे काय मागतो? खेळ वेळेवर वाढप मागतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे एक चित्र तयार करायला यंत्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. पडदा १४४ वेळा बदलणारा असेल तर जेमतेम ७. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर खेळ अडखळतो. शिवाय पुढचे चित्र कसे असेल हे आधीपासून करून ठेवता येत नाही; खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्याचे त्यालाच ठाऊक! म्हणून खेळासाठी पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डावर जातो. आचारी चलाख हवा, पण फार मोठा फौजफाटा लागत नाही. रॅम १६ जीबी असली की बहुतेक खेळ समाधानाने चालतात.

एडिटिंगचे तसे नाही. ते दम मागते. हिशेबच करून पाहा. फोर-के म्हणतात त्या चित्राच्या एका चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक चौकट झाली सुमारे २५ एमबीची. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे ६२० एमबीच्या वर. एका मिनिटाला ३७ जीबी! एवढे कोण साठवणार? म्हणून कॅमेरा चित्रफीत दाबून, घडी घालून ठेवतो. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण करणारा कॅमेरा तासाला सुमारे ४५ जीबीच भरतो.

पण घडी घातलेले लुगडे नेसण्याआधी उलगडावे लागते. एच.२६४ आणि एच.२६५ या चालू पद्धतींत बहुतेक चौकटी पूर्ण साठवलेल्याच नसतात. मागल्या-पुढल्या चौकटींहून काय बदलले, एवढेच टिपून ठेवलेले असते. म्हणून एडिटरने मधल्याच एका क्षणावर बोट ठेवले, की यंत्राला आजूबाजूच्या चौकटी उलगडत तिथवर यावे लागते. यंत्र इथे गुदमरते. या कामासाठी काही प्रोसेसरांत स्वतंत्र सोय असते. इंटेलने ती २०११ पासून आपल्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये दिली आहे. मात्र ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात हे अंगभूत ग्राफिक्स नसते. निव्वळ खेळासाठी असा प्रोसेसर घेऊन थोडे पैसे वाचवणे शहाणपणाचे. एडिटिंग करणाऱ्याने मात्र ते अक्षर पाहून क्षणभर थांबावे. ग्राफिक्स कार्डांतही उलगडण्याची सोय असते, पण प्रत्येक कार्डाला प्रत्येक प्रकारची घडी उलगडता येतेच असे नाही. तेव्हा आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीने चित्रण करतो, हे आधी पाहावे आणि मग बाजारात जावे.

म्हणजे एडिटिंगसाठी आचारी अधिक हातांचा, ओटा ऐसपैस, आणि कोठीघर मोठे व चपळ हवे. फोर-केचे काम असेल तर रॅम ३२ जीबी धरावी. कोठीघराचे सांगायचे तर, फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे-दोनशे एमबी वाचते, साधी एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई जातीची एसएसडी काही हजार. चालू काम एसएसडीवर ठेवावे, संपलेले काम स्वस्त हार्ड डिस्कवर हलवावे.

आता मुख्य गोष्ट. पंगतीचा वेग सर्वांत चपळ वाढप्यावर ठरत नाही. जो मागे पडतो त्याच्यावर ठरतो. यंत्राचेही तसेच. माझ्या एका विद्यार्थ्याला एका दुकानात भारी ग्राफिक्स कार्डाचे, आतून लाल-निळे दिवे लुकलुकणारे यंत्र मिळाले. दिसायला देवापुढची आरास! पण रॅमची एकच ८ जीबीची पट्टी, पडदा ६० चा, आणि पॉवर सप्लायवर धड नावही नाही. दोन मिनिटांची फीत जोडायला घेतली की यंत्र रुसायचे. कार्ड सेकंदाला शंभराहून अधिक चित्रे काढत होते, पडदा दाखवत होता ६०. वरच्या चित्रांचे पैसे दिव्यांच्या पैशांबरोबर वाया गेले. तेवढ्याच रकमेत जरा खालचे कार्ड, रॅमच्या दोन जोडपट्ट्या आणि बरा पॉवर सप्लाय आला असता, तर दोन्ही कामे झाली असती. पट्ट्या दोन घेतल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी सामान मिळते, हाही एक फायदा. पॉवर सप्लायवर '८० प्लस' हे चिन्ह पाहावे. तो बिघडला तर एकटा जात नाही, कधीकधी शेजाऱ्यांनाही घेऊन जातो.

लॅपटॉप की टेबलावरचा? कॉलेज, वसतिगृह, शूटिंग अशी फिरती असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. पण एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये कमी विजेवर चालते, म्हणून ते टेबलावरच्या यंत्राइतके काम करीलच असे नाही. नावाबरोबर वॉटचा आकडाही विचारावा. लॅपटॉप तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात हे फार लवकर कळते! टेबलावरच्या यंत्रात हवा खेळते, आणि पुढे पैसे आले की एकेक भाग बदलता येतो.

मग निवड कशी करावी? एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. कोणता खेळ, कोणत्या पडद्यावर? कोणत्या कॅमेऱ्याची चित्रफीत, आणि ती कापायला कोणते सॉफ्टवेअर? आणि या दोहोंपैकी पोट कशावर भरायचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, कारण अडल्या वेळी पैसा त्या बाजूला झुकवायचा असतो. सॉफ्टवेअरवर आरंभीच खर्च करायची गरज नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, केडेनलाइव्ह तर पूर्ण मोफत आहे. पैकी दाविंची ग्राफिक्स कार्डावर पुष्कळ भिस्त ठेवते, हेही कागदावर टिपावे.

बजेट फारच तोकडे असेल तरी हातपाय गाळू नयेत. प्रॉक्सी नावाची एक युक्ती आहे. मोठ्या फितीच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांवर सारे कापणे-जोडणे करायचे, आणि शेवटची फिल्म मात्र मूळ फितीतून काढायची. साध्या यंत्रावरही असे काम होते. वेळ अधिक लागतो, इतकेच.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर तालुक्याच्या दुकानात. स्वतःची फीत पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जावी आणि तिथेच ती चालवून दाखवायला सांगावी. बिलावर प्रत्येक भागाचे नाव व मॉडेल लिहून घ्यावे, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते. वापरलेले कार्ड स्वस्त मिळते, पण सप्टेंबर २०२२ पर्यंत असंख्य कार्डे इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवली जात होती. असे जुने कार्ड घेताना अर्धा तास चालवून, तापवून पाहावे. आणि भाव एका दिवसावर जोखू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे चढले ते अनेकांनी अनुभवले आहे.

शेवटी एक गोष्ट, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. खेळ हरला तर पुन्हा खेळता येतो. लग्न मात्र फितीसाठी दुसऱ्यांदा लावता येत नाही! मुलीची पाठवणी, आजोबांनी थरथरत्या हातांनी टाकलेल्या अक्षता, हे ज्याने चित्रित केले त्याच्या हाती एका कुटुंबाची ठेव आहे. म्हणून दिव्यांआधी, काचेच्या पेटीआधी, दोन वस्तूंचे पैसे बाजूला काढावेत. एक यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी काम जपून ठेवायला पाच-दहा मिनिटे मिळतील. दुसरी एक बाहेरची हार्ड डिस्क, म्हणजे प्रत्येक फितीची दुसरी प्रत राहील. कार्ड एक पायरी खालचे घेतले तर चित्र थोडे कमी खुलेल, गिऱ्हाईक तुटणार नाही. दुसरी प्रत नसली आणि डिस्क गेली, तर गिऱ्हाईकही जाईल आणि गावातले नावही. ज्याला यंत्रावर पोट भरायचे आहे, त्याने हे नाव आपल्या भांडवलात पहिले धरावे.