बघायला जाताय? मग हे विचारून या

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

आज बोलायचंय ते अभ्यासदौऱ्याबद्दल. आपल्या गटांमध्ये वर्षातून एकदा तरी विषय निघतोच, कुठंतरी बघायला जाऊया. मग गाडी ठरते, डबे बांधले जातात, वाटेत एखादं देऊळ होतं, एका मोठ्या कारखान्यात तासभर फिरणं होतं, फोटो निघतात आणि परत आल्यावर वहीत एक ओळ पडते, 'दौरा चांगला झाला.' त्यात वाईट काही नाही. बाईला घराबाहेर चार तास मिळाले, हेही थोडं नाही. पण गटाच्या पैशातून गाडीभाडं दिलं असेल तर त्या पैशाचं काहीतरी वसूल व्हायला हवं.

आमच्याकडच्या अकरा जणींच्या एका गटाला कर्ज काढून मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं. कांदा-लसूण चटणी करून विकायची, असा बेत. मी म्हटलं, घ्या, पण सही करायच्या आधी तीन ठिकाणं बघून या. लांब नको, आपल्याच भागातली, आणि जुनी. ज्यांचा धंदा दोन-तीन पिढ्या चाललाय अशी. नवीन माणूस आपल्याला यंत्र दाखवतो. जुना माणूस पडता काळ कसा काढला ते सांगू शकतो.

पहिलं ठिकाण गुऱ्हाळ. कोल्हापूरच्या गुळाचं नाव आपल्याला नवीन नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कोल्हापूरचा गूळ हे नाव कायद्यानं या मातीशी बांधलं गेलं. तरीही गुऱ्हाळं कमी होत चाललीत. ऊस साखर कारखान्याला जातो आणि कामाला माणूस मिळत नाही. मग जी टिकलीत ती कशी टिकलीत, हे बघायला जायचं.

गुऱ्हाळावर गेलात तर काहिलीपाशीच गर्दी करू नका. आधी मागच्या बाजूला जा. उसाचा रस काढून राहिलेलं चिपाड तिथं उन्हात वाळत घातलेलं असतं. तेच चुलवाणात जातं. जळणासाठी वेगळा पैसा घालावा लागत नाही. रस उकळताना वर येणारी मळी काढतात, तीही वाया जात नाही, शेताला खत म्हणून जाते. आपल्या चटणीच्या धंद्यात कांद्याची टरफलं, मिरचीचे देठ, फुटका लसूण यांचं काय होतं, हा प्रश्न आमच्या बायकांना तिथंच सुचला.

मग गुळव्याकडं बघा. रसातली घाण वर यावी म्हणून तो भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतो. पाक तयार झाला का हे बघायला थोडा पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. गोळी झाली की काहील उतरते. थोडं आधी काढलं तर काकवी, थोडं उशिरा काढलं तर गूळ करपला. एका आदणाला अडीच-तीन तास लागतात, पण सगळं अवलंबून असतं त्या शेवटच्या चार मिनिटांवर. ते ज्याला कळतं तो माणूस आजारी पडला तर काय, हे विचारा. आमच्या बायकांनी विचारलं. मालक म्हणाले, 'म्हणून तर पोराला दहा वर्षं शेजारी उभा केलाय.' आपल्या गटात चटणीचं प्रमाण एकाच वहिनीच्या हातात असतं. ती माहेरी गेली की चटणीची चव बदलते. प्रमाण वजनावर लिहून ठेवा आणि निदान दोघींना शिकवा.

गुऱ्हाळावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आमच्या एका मावशींनी विचारला. 'बाबा, तुमच्या घरात खायला कुठला गूळ ठेवता?' म्हातारबाबा हसले आणि आतून तांबूस रंगाची ढेप आणून दाखवली. बाजारात भाव पिवळ्याधमक गुळाला. तो रंग आणायला काही ठिकाणी हायड्रॉसची पावडर वापरतात, कुठं कुठं साखरही मिसळतात. घरचा गूळ मात्र तांबूस. बाबांनी लपवलं नाही. म्हणाले, 'गिऱ्हाइकाला रंग पाहिजे, पोरी.' आता ठरवायचं आपण. आपली चटणी लाल दिसावी म्हणून रंग घालायचा, की ब्याडगी मिरचीचं प्रमाण वाढवायचं? ब्याडगी रंगाला चांगली, पण महाग. जे आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही ते दुसऱ्याच्या लेकरासाठी पुडीत भरायचं नाही, असं त्या बायकांनी परतीच्या गाडीतच ठरवलं.

दुसरं ठिकाण हरिपूर. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. देवळासाठी पुष्कळ जणी गेल्या असतील. पण हे गाव हळदीच्या पेवांचंही आहे. पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं कोठार. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि खाली १५-२० फूट खोल पोट. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं राहते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा कोंडलेली असते, तिनं माणूस गुदमरून दगावू शकतो. आधी तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मगच माणूस उतरणार.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळालं. पण मला त्या पेवात दिसतं ते वेगळंच. काढणी झाली की सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. ज्याच्याकडं माल ठेवायला जागा आहे तो थांबू शकतो. ज्याला उद्याच पैसे हवेत तो मिळेल त्या भावाला विकतो. आपल्या गटाचं दुखणं हेच आहे. मिरची स्वस्त असते हंगामात, आणि आपण घेतो ऑर्डर आली की, किलो-दोन किलो, किरकोळ भावानं.

पेवाची दुसरी बाजूही विचारून या. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि हळदीची फार मोठी नासाडी झाली. पुष्कळ पेवं कायमची बंद पडली. आता बराचसा माल गोदामात आणि शीतगृहात जातो. एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तीही एका पुरात मोडली. म्हणून साठा करा, पण सगळा एका खोलीत, एका पत्र्याखाली नको. दोन घरांत ठेवा, जमिनीपासून वर, फळीवर.

तिसरं ठिकाण बाजारपेठेतलं जुनं दुकान. आमच्या बायका गडहिंग्लजच्या बाजारात गेल्या. तिथं संकेश्वरी जवारी मिरची येते, ती तिखटाला नावाजलेली. मिरची बघून झाल्यावर त्या एका जुन्या किराणा दुकानात गेल्या. तिथं खरेदी केली आणि मग शेठना विचारलं, 'आमची चटणी ठेवाल का?' शेठ म्हणाले, 'वहिनी, ठेवीन. पण महिन्याला वीस किलो देणार म्हणालात तर पावसाळ्यातही वीसच यायला हवी. आणि मार्चमध्ये लाल, ऑगस्टमध्ये तपकिरी, असं चालायचं नाही. गिऱ्हाईक मला बोलतं, तुम्हाला नाही.' त्यांनी आणखी एक सांगितलं. पुडीवर वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, आत काय काय आहे ते आणि अन्नसुरक्षेचा १४ आकडी नोंदणी क्रमांक नसेल तर ते पुडी हातातच घेत नाहीत.

परत आल्यावर आम्ही हिशोबाला बसलो. तो तुम्हालाही सांगते. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचा भाव घाला. समजा, १० किलो मिरची २५० रुपयांनी, झाले २,५०० रुपये. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, मीठ, तेल मिळून १,५००. कांडप २००, पिशव्या २००, गाडीभाडं २००. एकूण ४,६००. देठ काढून, बाकीचं मिसळून चटणी झाली १४ किलो. ४०० रुपये किलोनं विकली तर ५,६०० आले. म्हणजे हजार रुपये नफा. टाळ्या!

थांबा. देठ खुडायला, भाजायला, पुड्या भरायला तीन बायका दोन दिवस बसल्या. तीनशे रुपये रोज धरला तर सहा रोजांचे १,८०० रुपये झाले. ते धरले तर नफा गेला आणि वर ८०० रुपयांचा तोटा. गुऱ्हाळाचा मालक गुळव्याला मजुरी देतो, जळव्याला देतो, त्या वहीत लिहितो आणि मगच गुळाचा भाव परवडला का बघतो. आपण आपला रोज कधी वहीत लिहित नाही, कारण घरातल्या कामाचा रोज आपल्याला कुणी कधी दिलाच नाही. मजुरी धरून त्या चटणीचा खर्च किलोला साधारण ४५७ रुपये पडतो. ५०० च्या खाली विकायची असेल तर खर्च कुठं कमी होतो ते शोधावं लागेल.

त्या गटानं काय केलं? यंत्राचं कर्ज या वर्षी थांबवलं. गटातली शिल्लक घालून हंगामात मिरची घेतली, दोन घरांत ठेवली, आणि कांडप गावातल्याच गिरणीवर करून घेतलं. वर्षभर त्या दुकानाला महिन्याला वीस किलो पुरवून दाखवायची, मगच यंत्राचं बोलायचं. वर्ष अजून व्हायचंय. पुढं काय होतं ते मी तुम्हाला इथंच सांगेन.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. एक, हंगाम बघून जा. गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं, आणि घट्ट हंगामात मालकाला बोलायला सवड नसते. आधी फोन करा, वेळ विचारा. दोन, सगळ्या जणी एकदम नको. सात-आठ जणी जा, प्रत्येकीनं एक प्रश्न वाटून घ्या, आणि एकीनं लिहायचं. तीन, रिकाम्या हातानं परतू नका. त्यांनी दिलेल्या वेळेचा मान म्हणून तिथला माल पैसे देऊन घ्या. फुकट चवीसाठी हात पुढं करू नका. चार, तिथं काम करणाऱ्या बायकांशी बोला. हळद निवडणारी, चिपाड वाळवणारी, दुकानामागं धान्य पाखडणारी बाई प्रत्येक ठिकाणी असते. पाटीवर तिचं नाव नसतं. तिला विचारा, या कामात तुझे हात कशानं दुखतात, आणि रोज किती मिळतो. तिचं उत्तर ऐकलं की आपल्या गटात कुणाला किती द्यायचं, हे ठरवायला सोपं जाईल.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गावापासून तासाभराच्या वाटेवर तीस-चाळीस वर्षं चाललेला खाण्याच्या वस्तूचा एक तरी धंदा शोधा. लाकडी घाणा असेल, चुरमुऱ्याची भट्टी असेल, पेढ्याचं दुकान असेल. तिथं जाऊन विचारा, सगळ्यात वाईट वर्ष कुठलं होतं आणि ते कसं काढलं? उत्तर वहीत लिहून ठेवा आणि गटात वाचून दाखवा. कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही त्यानंतर.

चला, भाकरी करपायच्या आत थांबते. नमस्कार.