टॅबलेटवरील गीतमिश्रण आणि आपले मंगलसमारंभ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात देवळाली कॅम्प येथे दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. निवृत्त शिक्षकाकडून संतचरित्र, शिक्षणप्रसार किंवा हुंडाबंदी अशा विषयांची अपेक्षा असते. टॅबलेटवर डीजे कसा वाजवतात, हे त्याने सांगावे हे थोडे विपरीतच. परंतु गेल्या काही लग्नसराईंत आपल्या समाजात या एका गोष्टीवरून जेवढे रुसवेफुगवे झाले, तेवढे मानपानावरूनही झाले नसतील. तरुण म्हणतात, डीजेवाचून वरात नाही. वडीलधारे म्हणतात, डीजे असेल तर आम्ही मांडवात पाऊल ठेवणार नाही. ज्या गोष्टीवरून तंटा होतो, ती गोष्ट आधी समजून घ्यावी आणि मग निवाडा करावा, ही शाळेतली जुनी शिस्त आहे. तिला अनुसरून मी आज बोलणार आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. टॅबलेट म्हणजे येथे औषधाची गोळी नव्हे. पाटीएवढा, काचेचा, बोटाच्या स्पर्शाने चालणारा तो संगणक. मुले त्याला टॅब म्हणतात. डीजे म्हणजे डिस्क जॉकी. रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला हे नाव मूळ अमेरिकेत मिळाले. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, असा अर्थ रूढ झाला आहे. या भिंतीला कित्येक ठिकाणी ‘डॉल्बी’ म्हणतात. त्यातील विनोद पाहण्यासारखा आहे. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडन येथे आपली कंपनी काढली, आणि त्याचा पहिला गाजलेला शोध ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याचा होता. ज्याने आवाजातील उपद्रव घालवला, त्याचेच नाव आपण उपद्रवाला दिले.

आता या कलेचा थोडा इतिहास. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी मूळच्या जमैकाच्या क्लाइव्ह कॅम्पबेल या तरुणाने आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. पुढे तो ‘कूल हर्क’ या नावाने प्रसिद्धीस आला. गाण्यातील ज्या तुकड्यात गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात, तेथे लोक अधिक रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा आलटून पालटून लांबवण्याची युक्ती त्याने रूढ केली. या कामी टेक्निक्स या जपानी बनावटीचे, १९७२ साली निघालेले एसएल-१२०० हे तबकडीयंत्र जगभर नावाजले गेले. २००१ साली पायोनियर कंपनीने तेच काम सीडीवर करणारे सीडीजे-१००० हे यंत्र काढले. २०१० साली आयपॅड बाजारात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतील अल्गोरिडिम या कंपनीने आपले ‘डीजे’ नावाचे ॲप आयपॅडसाठी तयार केले. दोन तबकडीयंत्रे, त्यांमधील मिश्रक आणि गाण्यांची पेटी, असा जो पसारा पूर्वी हातगाडीवर न्यावा लागे, तो आता शाळेच्या दप्तरात मावतो.

हे काम नेमके कोणते? बंधूंनो, आपण नामदेव शिंपी. आपल्याला हे समजावण्यास मला दुसरीकडून दृष्टांत आणण्याचे कारण नाही. दोन कापड असे जोडायचे की शिवण दिसू नये. चौकटीचे कापड असेल तर रेषेला रेष लागली पाहिजे. डीजेचे काम हेच आहे. एक गाणे संपत असता दुसरे त्यात असे मिसळायचे की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. टॅबच्या काचेवर दोन तबकड्या दिसतात. डावीवर चालू गाणे, उजवीवर पुढचे. मध्ये एक आडवी सरकपट्टी असते, तिला क्रॉसफेडर म्हणतात. ती डावीकडून उजवीकडे सरकवली की पहिले गाणे विरत जाते आणि दुसरे पुढे येते. पुढचे गाणे लोकांना ऐकू येण्यापूर्वी वाजवणाऱ्याने ते स्वतःच्या कानाशी तपासायचे असते. साध्या टॅबमध्ये याची सोय एका दुभागणाऱ्या वायरीने करतात. ध्वनीचे डावे व उजवे असे दोन प्रवाह असतात. त्यांपैकी एक सभागृहाकडे आणि दुसरा कानावरील हेडफोनकडे न्यायचा. नव्या टॅबपैकी पुष्कळांना हेडफोनचे गोल छिद्र नसते. त्यांना जोडणी वेगळी घ्यावी लागते, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

लयीचे गणित सोपे आहे. मिनिटास किती ठोके पडतात, त्यावरून गाण्याची लय मोजतात. १२० ठोक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका येतो. एक गाणे ९६ ठोक्यांचे आणि दुसरे १०० ठोक्यांचे असेल, तर पहिल्याची लय सुमारे ४ टक्के वाढवल्यावाचून दोन्ही जुळणार नाहीत. जुन्या तबकडीवर लय वाढवली की सूरही चढे. सुमारे ६ टक्के लय वाढली, की पांढरी एकमधील गाणे काळी एकमध्ये जाऊन पोहोचे. आजचे ॲप लय वाढवूनही सूर जागच्या जागी ठेवते. त्याहून नवल असे की, २०२० पासून या ॲपमध्ये गाण्यातील गायन, तालवाद्ये आणि इतर वाद्ये वेगळी करण्याची सोयही झाली आहे. शिवलेला सदरा उसवून त्याचे बाही-गळा पुन्हा सुटे करावेत, तसा हा प्रकार आहे.

इतके सगळे यंत्रच करते, तर मग माणसाची कला ती कोठे राहिली, असा प्रश्न ज्येष्ठांनी मला केला आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळी घरोघरी शिवणयंत्र आले, तेव्हाही हाताचा टाका गेला, आता कला बुडाली, असे म्हणणारे होतेच. टाका यंत्राने घातला. माप, बेत आणि बेतणाऱ्याची नजर मात्र यंत्राला आली नाही. येथेही तसेच आहे. ॲपमध्ये ‘सिंक’ नावाचे बटण असते. ते दाबले की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. पण जुन्या गाण्यांत वादकांनी प्रत्यक्ष हाताने ठेका धरलेला असतो. त्यात लय किंचित पुढेमागे होते, आणि यंत्राची मोजणी चुकते. कधी ते ७० ठोक्यांच्या गाण्याला १४० ठोक्यांचे समजते. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. एकाचे ठोके दुसऱ्याच्या ठोक्यांवर बसवले तरी सम समेवर येत नाही, आणि नाचणारी मंडळी गोंधळून एकमेकांकडे पाहू लागतात. सम कोठे आहे, हे कान सांगतो. तो कान भजनात टाळ धरून तयार होतो, तबल्यापाशी बसून तयार होतो. ज्या मुलाला हा धंदा करावयाचा आहे, त्याने आधी सहा महिने आपल्या भजनी मंडळात टाळ वाजवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट, समोरच्या माणसांची जाण. हळदीला कोणते गाणे, वरातीला कोणते, जेवणाच्या पंक्ती बसल्यावर कोणते आणि मुलीच्या पाठवणीच्या वेळी केव्हा थांबायचे, हे कोणत्याही ॲपमध्ये लिहिलेले नाही. मुहूर्ताच्या वेळी तर टॅब बंदच असावा. तेथे सनई-चौघडा असावा, आणि तो प्रत्यक्ष वाजवणाऱ्या कलावंताचा असावा. नाशिक ढोलाचे नाव देशभर झाले आहे. त्या ढोल-ताशावाल्यांची आणि बँडवाल्यांची बिदागी तोडून टॅब आणू नये. दोघांना आपापली जागा आहे.

आता मी विषयाच्या मर्माकडे येतो. आपला तंटा टॅबशी नाही, तो भिंतीशी आहे. गाणी मिसळणे ही एक गोष्ट आणि आवाज वाढवणे ही निराळी गोष्ट. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे तरुण भिंतीला कला समजतात आणि वडीलधारे कलेला भिंत समजतात.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती सुमारे दुप्पट होते, १० वाढले की दसपट. ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला ८ तासांहून अधिक काम करू नये, असा अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या शास्त्रीय संस्थेचा दंडक आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. आपल्या वराती किती वेळ चालतात, हे आपण जाणताच. कानाच्या आतील सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. या टॅबलेटचा अतिरेक झाला की मग दुसऱ्या टॅबलेटची पाळी येते, आणि तीही या बाबतीत गुण देत नाही.

आपण देवळालीकर तोफांचा आवाज ऐकत वाढलो. तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्करी शाळा आपल्या शेजारी आहे. तोफ डागणारा जवान आधी आपले कान झाकून घेतो. त्याचे काम संपूर्ण राष्ट्राच्या रक्षणाचे, तरीही तो कान जपतो. आणि आपण दोन वर्षांच्या बालकाला कडेवर घेऊन भिंतीसमोर उभे राहतो! कोरड्या, निरोगी हवेसाठी आपल्या गावी आरोग्यभवने उभी राहिली, दूरदूरची माणसे विश्रांतीसाठी येथे आली. त्या गावाच्या लौकिकाचेही आपण काही देणे लागतो.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील ठराविक दिवशीच सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. इस्पितळ, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर विस्तृत निकाल दिला आहे. गाण्यांच्या मालकीविषयीही एक शब्द. लग्नविधी, वरात आणि विवाहाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजवण्यास प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती सूट हॉटेलातील नववर्षाच्या जलशाला लागू नाही, आणि चोरून उतरवून घेतलेल्या गाण्यांना ती पावन करीत नाही.

आपल्या समाजातील होतकरू मुले कर्ज काढून ट्रक आणि भिंत घेतात. हंगाम चार महिन्यांचा, हप्ते बारा महिन्यांचे, आणि पोलिसांनी सामान जप्त केले की घरातील चूल विझते. माझी या सभेला नम्र सूचना अशी आहे. संस्थेने एक बऱ्यापैकी टॅब, एक छोटा नियंत्रक आणि सभागृहाला पुरतील असे दोन स्पीकर विकत घ्यावेत. ते ज्ञातिबांधवांच्या कार्यास अल्प भाड्याने द्यावेत. सुट्टीत मुलामुलींचा महिनाभराचा वर्ग चालवावा. मुलींचा उल्लेख मी हेतुपुरस्सर करतो. पूर्वी या धंद्यात अवजड खोकी उचलावी लागत, म्हणून तो पुरुषांचा झाला. काचेवर बोट फिरवण्यास मनगटाचे बळ लागत नाही. वर्गात लय, ताल, वायरींची जोडणी, यंत्रावर लाल दिवा लागला की आवाज फाटतो ही खूण, गाणी आधीच टॅबमध्ये भरून ठेवण्याची दक्षता आणि ध्वनीचे नियम, एवढे शिकवावे. लय आणि नियम शिकवण्याचे काम मी विनामूल्य करीन. आणि संस्थेच्या सामुदायिक विवाहसोहळ्यापासून असा दंडक घालावा की, गाणी सभागृहात वाजतील, रस्त्यावर भिंत येणार नाही, आणि रात्री दहाला टॅब मिटला जाईल.

तरुणांनो, तुमचे वाद्य तुमच्यापासून कोणी काढून घेत नाही. संत नामदेव महाराजांनी टाळ, वीणा आणि कीर्तन घेऊन पंढरपूरपासून पंजाबातील घुमानपर्यंत माणसे जोडली. त्यांच्या कीर्तनात लोक नाचले, आणि शेजारी कोणी कान झाकून बसला नाही. ज्येष्ठांनो, आपणही एकदा नातवाशेजारी बसून कानाला तो हेडफोन लावून पाहावा. दोन गाण्यांची शिवण कशी जुळते, हे आपल्यासारख्या जाणत्या शिंप्याहून अधिक कोणाला कळणार?

माझी सूचना सभेपुढे आहे. तिचा विचार व्हावा, एवढी प्रार्थना. जय नामदेव.