बॉक्सहॉल यांची जागा



४१ अंश ४६ मिनिटं उत्तर, ५० अंश १४ मिनिटं पश्चिम. १५ एप्रिल १९१२ला मध्यरात्र उलटल्यावर बुडत्या टायटॅनिकवरून बिनतारी यंत्रानं हा ठावठिकाणा पुन्हा पुन्हा धाडला जात होता. तो काढला होता चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल यांनी. संध्याकाळी ताऱ्यांवरून मिळालेली जागा, पुढचे तास आणि २२ नॉट धरलेला वेग, असा तो हिशेब.

त्या रात्री पंधराशेवर माणसं गेली. बॉक्सहॉल वाचले, पुढेही दर्यावरच राहिले. १९६७च्या एप्रिलमध्ये वारले. आपली रक्षा त्याच अक्षांश-रेखांशावर सोडा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे अस्थी नाशिकला न्या की पंढरपूरला, पाणी पवित्र असलं म्हणजे झालं. मिनिटांचा हिशेब कोण बघतो? पण समुद्रावर ना घाट, ना पाटी. जून महिन्यात क्युनार्ड कंपनीचं स्कोशिया जहाज तिथं पोचलं, तेव्हा जागा ठरवायला कुणीतरी पुन्हा गणितच मांडलं असणार.

फ्रँक गोल्डस्मिथ टायटॅनिकवर होते तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांचे वडील त्या रात्री बुडाले. १९८२ साली फ्रँक यांचीही रक्षा उत्तर अटलांटिकमध्येच सोडली. ती इच्छा लगेच समजते. बॉक्सहॉल यांचं मात्र त्या पाण्यात रक्ताचं कुणी नव्हतं. होता तो त्यांनी काढलेला आकडा.

आणि तो चुकलेला होता! १९८५ साली रॉबर्ट बॅलार्ड आणि झाँ-लुई मिशेल यांच्या मोहिमेला जहाज सापडलं, ते त्या जागेपासून सुमारे १३ सागरी मैलांवर. मग रक्षा भलतीकडेच पडली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. बॉक्सहॉल यांनी जागा मागितली होती ती आकड्यानं, आणि स्कोशियानं ती आकड्याबरहुकूम दिली. कुणी दुरुस्त जागा शोधून दिली असती, तर ती बॉक्सहॉल यांची राहिली नसती.

शिवाय त्या रात्री मदतीला धावलेली कार्पेथिया निघाली होती ती याच चुकलेल्या आकड्याच्या रोखानं. ती आग्नेयेकडून येत होती, त्यामुळे होड्या तिला वाटेतच भेटल्या. बॉक्सहॉल यांनी आपल्या होडीत हिरव्या ज्योती घेतल्या होत्या. त्या उजेडाच्या दिशेनं येत कार्पेथियानं पहाटे चारच्या सुमारास पहिली होडी गाठली, ती त्यांचीच.