भाकरीपुढचा धर्म



अन्नदानाचे पुण्य आपल्या घराघरांत सांगितले जाते. परंतु उपाशी कुटुंबाला एक वेळ जेवू घातले म्हणजे कर्तव्य संपते काय? संत गाडगेबाबांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजींनी दैन्य जवळून पाहिले. दारूपायी वडील गेले, सावकारी कर्जात मामांची शेती गेली. संसार कसा उद्ध्वस्त होतो, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. पुढे घरदार सोडल्यावर, आधी गाव झाडायचे आणि मगच भाकरी स्वीकारायची, हा त्यांचा नेम झाला.

लोकांच्या दानातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. कीर्तनांतून त्यांनी कर्ज, व्यसन आणि निरक्षरता यांवर प्रहार केले. कारण भुकेचे मूळ तेथे होते.

२० डिसेंबर १९५६ रोजी बाबांचे देहावसान झाले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही कर्करोगाचे गरीब रुग्ण व त्यांचे नातलग आसरा घेतात. तरीही परळच्या पदपथांवर कित्येक कुटुंबे रात्र काढतात. त्यांना भाकरी देणारे हात पुष्कळ आहेत. निवारा, औषधपाणी आणि मुलांची शाळा यांचा भार उचलणारे हात मात्र थोडे आहेत. प्रत्येक वस्तीने असे एक तरी कुटुंब पुन्हा उभे राहीपर्यंत सांभाळावे. बाबांना हीच पूजा मान्य होती.