मोटारसायकलचे गंजलेले स्क्रू
(भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे मोटारसायकलवर माणसांबरोबर खताची पोती, दुधाचे कॅन आणि फवारणी पंपही जातात. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडयुक्त मीठच आहे. फाटक्या पोत्यातून ते सांडले आणि वर पावसाची ओल लागली की गंज धरलाच म्हणून समजा. मग ऐन पेरणीत क्लच प्लेटा बदलायची वेळ येते आणि कव्हरचा एक स्क्रू काही केल्या हलत नाही.

अशा वेळी नुकसान होते ते पहिल्याच झटक्यात. मी स्वतः ते करून बसलो आहे. हाताला लागला तो पेचकस घेतला, जोर लावला, पेचकस घसरला आणि खाच गुळगुळीत झाली. पुढे ड्रिल मारताना ते मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरले, इंजिनाचे आटे गेले आणि पेरणीचे चार दिवस गाडी घरात उभी राहिली.

कव्हर ॲल्युमिनियमचे व स्क्रू पोलादाचा असतो. दोन धातूंमध्ये खारी ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते व ती आट्यांत घट्ट बसते. म्हणून आधी ही पकड सैल करावी, पिळणे त्यानंतर.

खाचेतली माती दाभणाने कोरून काढा. गंज सोडवणारे तेल माथ्याभोवती सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी माथ्यावर पंच ठेवून हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्या. जोराने मारल्यास कव्हर तडकेल. खाचेत गच्च बसेल असाच पेचकस घ्या. जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांवरील फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, त्यात साधा फुलीचा पेचकस नीट बसत नाही. ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळाला तर फारच उत्तम, कारण तो दाबतो आणि फिरवतो एकाच वेळी.

तरीही हलला नाही तर कव्हरवर उकळते पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. स्टोव्हची किंवा गॅसची ज्योत मात्र लावू नका. वर पेट्रोलची टाकी आहे, शिवाय ते तेलही पेटते.

खाच गेलीच तर घाबरू नका. माथ्याच्या मध्यभागी पंचने खूण करून ड्रिलने फक्त माथा उडवा. बाकीचे स्क्रू काढले की कव्हर निघते. ताण गेल्यामुळे उरलेला दांडा पकडीने सहसा सहज फिरतो.

नवा स्क्रू बसवताना आटे पुसून थोडे ग्रीस लावा आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, बेतानेच आवळा.