पाहुण्या वाद्याचा सूर



बदलीचा हुकूम येताच बिऱ्हाड उचलणाऱ्या आम्हां नोकरदारांना एक प्रश्न नित्य छळतो : मुलूख सोडल्यावर आपले असे काय उरते? त्याचे एक उत्तर आम्हांस पाश्चात्त्य संगीतात सापडले.

ओस्वाल्दो गोलिहोव यांचा जन्म १९६० साली आर्जेन्टिनात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते इस्राएलला व तेथून अमेरिकेस गेले. १९९४ साली त्यांनी 'अंध आयझॅकची स्वप्ने आणि प्रार्थना' ही रचना दोन व्हायोलिन, व्हायोला व चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी आणि पाहुण्या क्लॅरिनेटसाठी लिहिली. तिचे तीन मुख्य भाग ज्यूंच्या आरमाइक, यिडिश व हिब्रू या भाषांवर कल्पिले आहेत. गायलेला शब्द मात्र एकही नाही. क्लॅरिनेट हे पूर्व युरोपातील ज्यूंच्या लग्नघरचे वाद्य. हुंदका आणि हसू दोन्ही त्यास साधतात. या मैफिलीत ते आपला गावाकडचा उच्चार सोडीत नाही, आणि तंतुवाद्येही त्यास परके लेखीत नाहीत.

आपणही येथील जीवनाशी असेच समरस व्हावे. मुलानातवंडांच्या मराठीत येथील भाषेचे शब्द येतील, खुशाल येवोत. परंतु आजीशी मराठीत बोलणेच त्यांनी सोडले, तर पन्नास वर्षांच्या या मंडळाचे केवळ सभागृह उरेल. म्हणून घरात मराठी बोलत राहावे, एवढीच आमची विनंती.